सूची कशी असावी?

माहिती लिहून ठेवणे ही एक गोष्ट, आणि लिहून ठेवलेली माहिती हवी त्या वेळी हाती येणे ही दुसरी. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असा आपला सर्वसाधारण समज असतो. पण ज्याने कधी जुन्या दप्तरात एखादा कागद शोधला असेल, त्याला हा समज किती फसवा आहे हे सांगावयास नको. कागद दप्तरात असतो, सुरक्षितही असतो. फक्त तो कोणत्या गठ्ठ्यात आहे हे कोणास ठाऊक नसते. संगणक आल्यामुळे ही अडचण संपली असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः संगणकाने दप्तर मोठे केले आणि हात चपळ केले. पण शोधावयाचे कोठे, हे त्यालाही कोणीतरी सांगावेच लागते. हे सांगण्याचे काम सूची करते. अशा सूच्या करण्याच्या निरनिराळ्या पद्धती कोणत्या, आणि कोणती केव्हा उपयोगी पडते, याचा आज विचार करू.

उदाहरण म्हणून आपल्या नित्य परिचयाचा जमिनीचा उतारा घेऊ. पुणे–बेंगळूरु महामार्गाने कागल मागे टाकले की कर्नाटकाच्या हद्दीत कोगनोळी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. म्हणून आज हद्दीच्या एका अंगास सातबारा आहे, तर दुसऱ्या अंगास ज्याला सरकारी भाषेत आर.टी.सी. आणि लोकांच्या तोंडी नुसता ‘उतारा’ म्हणतात तो आहे. एकाच घराण्याची जमीन दोन्ही राज्यांत असणे हेही सीमाभागात नवलाचे नाही. पीककर्ज घ्यावयाचे असो, वारसाची नोंद करावयाची असो, की पुराची नुकसानभरपाई मागावयाची असो, उताऱ्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

कर्नाटक सरकारने ‘भूमी’ या योजनेखाली हे उतारे संगणकावर आणले. २००० सालच्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत सुमारे ६७ लाख खातेदारांचे सुमारे २ कोटी उतारे तलाठ्यांच्या हस्तलिखित दप्तरांतून संगणकात उतरवले गेले आणि तालुक्याच्या ठिकाणी खिडकीवर मिळू लागले. आता प्रश्न असा की, २ कोटी उताऱ्यांतून एका शेतकऱ्याचा एक उतारा काढावयाचा तो कसा? भूमीच्या यंत्रणेची आतील रचना काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तिचा आकडा तेवढा हिशेबासाठी उसना घेऊ.

पहिली पद्धत म्हणजे सूचीच नसणे. पहिल्या पानापासून वाचीत सुटावयाचे आणि हवे ते सापडले की थांबावयाचे. एका पानावर १०० उतारे मावतात असे धरले, तर २ कोटी उताऱ्यांची २ लाख पाने होतात. नशीब मध्यम असेल तर १ लाख पाने वाचल्यावर उतारा हाती येईल. आणि तो दप्तरात नसेलच, तर तो नाही हे कळण्यासाठी सगळी २ लाख पाने वाचावी लागतील. ही पद्धत अगदीच टाकाऊ मात्र नव्हे. वीस-पंचवीस नोंदींच्या वहीला सूची करणे म्हणजे दोन खोल्यांच्या घराला नकाशा काढण्यासारखे होय. शिवाय ‘तालुक्यात एकूण किती एकर ऊस आहे?’ असा प्रश्न असेल, तर तालुक्याची बहुतेक पाने वाचणे प्राप्तच असते. तेथे सूची फारशी मदत करीत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे नोंदी क्रमाने लावणे. शब्दकोशात आपण शब्द पाहतो तेव्हा पहिल्या पानापासून आरंभ करीत नाही. मध्येच कोश उघडतो, आपला शब्द पुढे की मागे ते पाहतो, आणि नको तो अर्धा भाग सोडून देतो. दर वेळी निम्मे टाकण्याची ही युक्ती फार प्रभावी आहे. २ कोटी नोंदी क्रमाने लावलेल्या असतील, तर २५ वेळा निम्मे केले की आपण नेमक्या नोंदीशी येऊन पोहोचतो. कोठे लाख पाने आणि कोठे पंचवीस पावले! मात्र येथे एक मेख आहे. शब्दकोश एकदा छापला की बदलत नाही. जमिनीचे दप्तर रोज बदलते. एका सर्व्हे नंबराचे भावाभावांत चार हिस्से झाले, तर मधली जागा करण्यासाठी पुढच्या साऱ्या नोंदी सरकवाव्या लागतात. क्रम राखणे हे क्रम लावण्याहून कठीण असते.

या अडचणीतून तिसरी पद्धत निघाली. आज जगातील बहुतेक मोठ्या डेटाबेसांचा भार तीच वाहते. बोइंग या विमानकंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ती मांडली. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिला ‘बी-ट्री’ म्हणतात, आपण ‘बी-वृक्ष’ म्हणू. नाव अवघड वाटले तरी कल्पना घरगुती आहे.

नावांची एक वही घ्या, आणि तिच्या कडेला अ, आ, इ अशी अक्षरे कापून प्रत्येक अक्षरास सारखी पाने द्या. थोड्याच दिवसांत असे दिसेल की ‘प’ची पाने पाटील आणि पवार यांनी भरून गेली आहेत आणि ‘ऋ’चे पान कोरेच आहे. म्हणजे आपण पाने अक्षरांना वाटली; माणसांना वाटली नाहीत. बी-वृक्ष ही चूक करीत नाही. तो आरंभी कोणासही जागा राखून ठेवीत नाही. एक पान भरले की तो त्याची दोन पाने करतो, निम्म्या नोंदी नव्या पानावर नेतो, आणि वरच्या मार्गदर्शक पानावर एवढेच टिपतो की ‘अमुक नावापर्यंत या पानावर, त्यापुढे त्या पानावर’. मार्गदर्शक पान भरले की त्याचीही दोन होतात आणि त्यांच्यावर आणखी एक मार्गदर्शक पान येते. त्यामुळे जेथे गर्दी तेथे पाने अधिक, आणि नवी नोंद आली तरी हलते ते फक्त तिच्या शेजारचे.

आता हिशेब पाहा. एका मार्गदर्शक पानावर ३०० वाटा दाखवता येतात असे धरू. पहिल्या पानावरून ३०० पाने, त्यांवरून ९० हजार, आणि त्यांवरून २ कोटी ७० लाख नोंदी! म्हणजे आपले २ कोटी उतारे तीन पानांच्या वाचनात आटोपतात. त्यातही सर्वांत वरचे पान प्रत्येक शोधात लागत असल्यामुळे संगणक ते बहुधा हाताशीच ठेवतो. निम्मे करण्याच्या पद्धतीस पंचवीस पावले लागत होती; येथे तीन पुरतात, कारण प्रत्येक पावलागणिक दोन नव्हे, तीनशे वाटा समोर असतात. फिरत्या तबकडीवरून भलत्याच जागचे एक पान आणावयास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळेल.

चौथी पद्धत याहूनही धाडसी आहे. ती क्रमाचा नादच सोडून देते. तिला ‘हॅश’ म्हणतात. तिची कल्पना आय.बी.एम. या कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका टिपणात मांडली होती. दहा गठ्ठे करा, आणि प्रत्येक उतारा त्याच्या सर्व्हे नंबराच्या शेवटच्या अंकाप्रमाणे गठ्ठ्यात टाका. ३४७ नंबर हवा आहे? सातव्या गठ्ठ्याकडे सरळ जा. मधल्या मार्गदर्शक पानांची गरज नाही. प्रत्यक्षात गठ्ठे दहा नसून लाखो असतात, आणि कोणती नोंद कोणत्या गठ्ठ्यात जावयाची हे ठरवणारे गणित शेवटचा अंक पाहण्याइतके साधे नसते. नोंदी सर्व गठ्ठ्यांत सारख्या विखुरल्या जाव्यात अशी योजना त्यात असते. नेमका क्रमांक ठाऊक असेल, तर याहून जलद मार्ग क्वचितच सापडेल.

मग बी-वृक्ष हवाच कशाला? श्रोतेहो, येथे आपण विषयाच्या गाभ्याशी आलो. पद्धतीची परीक्षा तिच्या वेगावर होत नाही. तिला कोणता प्रश्न विचारला जाणार यावर होते. तीन प्रश्न विचारून पाहू.

पहिला प्रश्न: ‘३४७ नंबरचा उतारा द्या.’ येथे हॅश अव्वल. बी-वृक्ष किंचित मागे.

दुसरा प्रश्न: ‘३४० ते ३४९ या नंबरांचे उतारे द्या.’ ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतील नद्यांना महापूर आला, तशा प्रसंगी नुकसानीच्या पंचनाम्यासाठी असाच प्रश्न पुढे येतो. नदीचे पाणी एका नंबरात शिरून थांबत नाही. बी-वृक्षात हे दहा उतारे शेजारीशेजारी असतात. ३४० सापडला की पुढचे ओळीने वाचावयाचे, आणि पान संपले तर पुढच्या पानाचा पत्ता तळाशी दिलेला असतो. हॅशमध्ये मात्र हे दहा उतारे दहा निरनिराळ्या गठ्ठ्यांत जाऊन पडलेले असतात. शेजार मोडणे हाच त्या पद्धतीचा धर्म. तेव्हा शेजाऱ्यांची चौकशी तिच्याकडे करून उपयोग नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे: ‘नाव ठाऊक आहे, पण दप्तरात ते कसे लिहिले आहे ते ठाऊक नाही.’ मराठी घरातले नाव कन्नड लिपीत गेले, तेथून इंग्रजीत गेले, आणि फिरून देवनागरीत आले, तर ‘पाटील’चा ‘पाटिल’ होण्यास वेळ लागत नाही. हॅशच्या दृष्टीने ही दोन अगदी वेगळी नावे आहेत. एका ऱ्हस्व-दीर्घाने नोंद कोठल्या कोठे जाऊन पडते, आणि यंत्र निर्विकारपणे ‘नोंद नाही’ असे सांगते. क्रमाने लावलेल्या सूचीत निदान ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ जवळजवळ असतात. शोधणाऱ्याची नजर दोन ओळी इकडेतिकडे गेली तरी भेट होते. पहिलेच अक्षर बदलले असेल तर मात्र क्रमही तारू शकत नाही. अशा वेळी अक्षराऐवजी उच्चारावरून सूची करतात. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली अशा ध्वनिसूचीचे एकस्व मिळवले होते. सारख्या ऐकू येणाऱ्या नावांना एकच खूण द्यावयाची आणि त्या खुणेखाली ती एकत्र ठेवावयाची, हे तिचे तत्त्व. आपल्या भाषांसाठी खुणा वेगळ्या ठरवाव्या लागतील. तत्त्व तेच राहील.

आणखी दोन पद्धतींचा थोडक्यात निर्देश करतो. उताऱ्यावर पिकाची नोंद असते. निपाणी भागात ती तंबाखू, ऊस, सोयाबीन, भुईमूग, जोंधळा अशा मोजक्या नावांत आटोपते. अशा ठिकाणी प्रत्येक पिकासाठी एक लांब पट्टी करतात आणि प्रत्येक उताऱ्याच्या जागी तीवर होय किंवा नाही एवढीच खूण ठेवतात. ऊसही आहे आणि विहिरीचे पाणीही आहे असे उतारे हवे असतील, तर दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून जेथे दोन्हींवर ‘होय’ आहे तेवढे उचलावयाचे. हिला ‘बिटमॅप’ सूची म्हणतात. मोजके पर्याय आणि क्वचित होणारे बदल असतील तेथे ती शोभते. खातेदारांच्या नावांसाठी मात्र हजारो पट्ट्या कराव्या लागून ती हास्यास्पद ठरेल.

दुसरी ‘उलटी सूची’. दप्तरात नोंदीखाली शब्द असतात. या सूचीत शब्दाखाली नोंदी असतात. हिची परंपरा संगणकाहून फार जुनी आहे. तेराव्या शतकात, १२३० च्या सुमारास, पॅरिस येथे सेंट शेरचे ह्यू यांच्या देखरेखीखाली डोमिनिकन धर्मबंधूंनी लॅटिन बायबलातील शब्दांची अशी सूची सिद्ध केली. कोणता शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात आला आहे ते तीवरून कळे. आज लांबलचक मजकुरातून एखादा शब्द क्षणात सापडतो, तो याच युक्तीने.

आता एका सूक्ष्म गोष्टीकडे वळू. भूमीवर उतारा पाहताना आधी जिल्हा, मग तालुका, मग होबळी, मग गाव, मग सर्व्हे नंबर आणि शेवटी हिस्सा सांगावा लागतो. अनेक घटक असे एकापुढे एक ठेवून केलेल्या सूचीला जोडसूची म्हणता येईल. तिचा नियम असा की डावीकडचा घटक ठाऊक असल्यावाचून उजवीकडच्याचा उपयोग होत नाही. नुसता ‘सर्व्हे नंबर ३४७’ सांगितला, तर तो गावोगावी निघेल. टेलिफोनच्या पुस्तकात आडनाव आधी असते. ‘आमच्या दत्तूचा नंबर पाहा’ म्हटले तर सारे पुस्तक वाचणे आले. महाराष्ट्राच्या ‘महाभूलेख’वर गाव निवडल्यावर गट क्रमांकाप्रमाणेच आडनावाने किंवा पहिल्या नावानेही शोध घेता येतो. ज्याला नंबर पाठ नाही त्याची ती मोठी सोय आहे. बापाच्या पश्चात परगावी नांदणाऱ्या लेकीला नंबर ठाऊक नसतो, बापाचे नाव ठाऊक असते.

मग सर्व गोष्टींच्या सूच्या का करू नयेत? कारण प्रत्येक सूचीला पोटगी द्यावी लागते. एक फेरफार झाला की मूळ नोंद बदलावी लागते, आणि बदललेली गोष्ट जितक्या सूच्यांत असेल तितक्या सूच्याही बदलाव्या लागतात. वाचणाऱ्याचा जो वेळ वाचतो तो लिहिणाऱ्याच्या पदरी पडतो. निपाणी तालुका चिकोडीपासून वेगळा झाला तेव्हाचा विचार करा. जोडसूचीत तालुक्याचे नावच घातलेले असेल, तर गावातील एकही बांध न हलता गावाची प्रत्येक नोंद सूचीत जागा बदलते. म्हणून जाणते रचनाकार गावाला एक निर्विकार क्रमांक देतात आणि सूची त्या क्रमांकावर बांधतात. गाव कोणत्या तालुक्यात हे वेगळ्या जागी एकदाच लिहितात. हद्दी बदलतात, क्रमांकाला त्याचे सुखदुःख नसते.

क्रमाविषयीही एक सावधगिरी हवी. सूची लावणारा आणि शोधणारा यांचा क्रम एकच असला पाहिजे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, कन्नड वर्णमालेतही तसेच. परंतु संगणकात अक्षरांना जे युनिकोड क्रमांक दिलेले आहेत, त्यांत देवनागरी ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्या आधी बसला आहे. नुसत्या त्या क्रमांकांवर विसंबून लावलेल्या यादीत ‘कळे’ आधी येईल आणि ‘कवठे’ मागून. आपला शब्दकोश याच्या उलट सांगेल. छापील यादी हातात घेऊन शोधणारा शेवटच्या पानावर जाईल, तेथे नाव नाही म्हणून परत फिरेल, आणि नाव मात्र मधल्या पानावर स्वस्थ बसलेले असेल. भाषेप्रमाणे क्रम लावण्याचे नियम संगणकाला देता येतात. पण ते द्यावेत हे कोणाच्या तरी ध्यानात आले पाहिजे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका उताऱ्यावर पुष्कळदा चार-पाच नावे असतात. थोरला मुलगा, धाकटा, विधवा आई, बहिणी. समजा, सूची करणाऱ्याने काम हलके व्हावे म्हणून प्रत्येक उताऱ्यावरील पहिलेच नाव सूचीत घेतले. सूची लहान होईल, जलद होईल, आणि शंभरांपैकी बहुतेक शोध यशस्वीही होतील. पण आईच्या किंवा बहिणीच्या नावाने शोधले तर उत्तर येईल, ‘नोंद नाही’. २००५ च्या कायदेदुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तिचे नाव उताऱ्यावर चढले असेल, तरी ज्या खिडकीवर ती चौकशी करील त्या खिडकीच्या सूचीत ते नसेल, तर कायद्याने दिलेले तिला दिसणार कसे? दप्तर खोटे बोलत नाही, सूचीही खोटे बोलत नाही. तरीही एका माणसाचा हक्क नजरेआड राहतो.

म्हणून पद्धतींच्या या तुलनेचे सार सांगावयाचे तर असे: नेमक्या क्रमांकासाठी हॅश, क्रम आणि शेजार यांसाठी बी-वृक्ष, मोजक्या पर्यायांसाठी बिटमॅप, मजकुरातील शब्दांसाठी उलटी सूची, आणि लहान वहीसाठी साधे वाचन. परंतु यांतील कोणतीही निवडण्यापूर्वी, खिडकीपाशी कोण येणार आणि त्याला काय ठाऊक असणार, हा प्रश्न आधी विचारावा. ज्याला नंबर ठाऊक आहे त्याची सोय कोणतीही सूची करील. ज्याला फक्त आपले नाव ठाऊक आहे, तेही थोडे चुकीच्या अक्षरांत लिहिलेले, त्याला जी सूची रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही, ती खरी चांगली सूची होय.